बिल्टीच्या आधी माल: एपीआयचं उत्तर आणि इव्हेंट यांची शर्यत

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. सोलापुरातल्या एका रुग्णालयासाठी तुम्ही ॲस्टरिस्क (फोन जोडणारं सॉफ्टवेअर) आणि नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं) वापरून फोनप्रणाली लिहिली आहे. तपासणीच्या आदल्या दिवशी रुग्णाला फोन जातो. त्यानं १ दाबला की तुमचा प्रोग्रॅम एआरआयमार्फत, म्हणजे ॲस्टरिस्कला बाहेरून आज्ञा द्यायच्या एपीआयमार्फत, स्वागतकक्षातल्या हेडसेटला दुसरा फोन लावतो आणि दोघांना ब्रिजमध्ये, म्हणजे एकाच संभाषणात, जोडतो. हेडसेटला ऑटो-आन्सर आहे, म्हणजे तो फोन आपोआप उचलतो. विनंतीचं उत्तर आलं की त्यातला चॅनेल आयडी, म्हणजे त्या फोनाची ओळख, तुम्ही मॅपमध्ये (मेमरीतल्या यादीत) रुग्णाच्या नोंदीसमोर लिहिता. पण कधी कधी वेबसॉकेटवर, म्हणजे इव्हेंट (घडामोडींच्या सूचना) येण्याच्या कायम उघड्या जोडणीवर, स्टॅसिसस्टार्ट, म्हणजे फोन प्रोग्रॅमच्या हाती आल्याचा इव्हेंट, त्याआधीच येतो, मॅपमध्ये तो आयडी सापडत नाही आणि 'अनोळखी चॅनेल' समजून तुमचाच कोड फोन कापतो. प्रत्येक इव्हेंट हाताळण्याआधी १०० मिलीसेकंद थांबायला लावलं तेव्हा हे 'जवळजवळ बंद' झालं. एवढ्यावर भागेल का, असं विचारलंय.

नाही भागणार. १०० मिलीसेकंदांनी चूक गेलेली नाही, ती फक्त दुर्मिळ झाली आहे. रोज दहादा होणारी चूक पकडता येते. महिन्यातून एकदा होणारी चूक पकडताना माणूस आधी लाइनवाल्याला, मग हेडसेटला आणि शेवटी नशिबाला दोष देतो. शिवाय या थांबण्याची किंमत प्रत्येक इव्हेंट मोजतो. बटण दाबलं तरी उशीर, फोन ठेवला तरी उशीर. आणि उद्या सर्व्हरवर ताण आला की उत्तराला १०० ऐवजी ४०० लागतील, मग तुम्ही आकडा ५०० कराल. मी हा आकडा २ सेकंदांपर्यंत नेलेला माणूस आहे, म्हणून सांगतो.

तुमच्या लक्षात आलं असेल की रुग्णाला लावलेल्या फोनात हा त्रास दिसत नाही, हेडसेटच्या फोनातच दिसतो. कारण साधं आहे. माणूस फोन उचलायला चार-पाच सेकंद घेतो, तोवर उत्तर आरामात पोचतं. ऑटो-आन्सरवाला फोन तेवढा वेळ देत नाही. म्हणजे शर्यत दोन्हीकडे आहे, रुग्णाच्या बाजूला फक्त उत्तर मोठ्या अंतरानं जिंकतं. तिथेही एक जागा आहे जिथे ते हरतं, आणि तुम्हाला ती अजून दिसलेली नाही. रुग्णाचा नंबरच चुकीचा असेल, किंवा लाइन मिळाली नाही, तर फोन लागायच्या आत मरतो आणि चॅनेल नष्ट झाल्याचा इव्हेंट लगेच येतो. तो तुम्ही 'अनोळखी' म्हणून सोडून देता. त्यानंतर उत्तर हाताळलं जातं आणि मेलेल्या फोनाची नोंद मॅपमध्ये 'वाजतोय' म्हणून बसते. ती कधीच निघत नाही. तुमच्या मॅपची लांबी दिवसाअखेरीस छापून बघा.

हे होतं का, तर दोन गोष्टी दोन वेगळ्या वाटांनी येतात. उत्तर येतं एचटीटीपीच्या जोडणीवरून, इव्हेंट येतात वेबसॉकेटच्या जोडणीवरून. टीसीपी क्रमाची हमी देतं ती एकाच जोडणीच्या आत, दोन जोडण्यांमध्ये नाही. ॲस्टरिस्कच्या पोटातही हे दोन वेगळे धागे (थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं) आहेत. एक धागा चॅनेल तयार करून तुमच्यासाठी उत्तराचं जेसन बांधत असतो, तेवढ्यात चॅनेलच्या हालचाली अंतर्गत बसवर पडून दुसऱ्या धाग्यानं बाहेर निघालेल्या असतात. कोणी कोणासाठी थांबत नाही. थांबावं अशी अपेक्षाही चुकीची आहे.

माझे काका अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात डिस्पॅच सांभाळायचे. गठाण ट्रान्सपोर्टला दिली की ट्रान्सपोर्टवाला बिल्टी फाडतो आणि बिल्टीवर त्याचा नंबर असतो. ती बिल्टी पोस्टानं व्यापाऱ्याला जायची आणि माल ट्रकनं. बऱ्याचदा माल आधी पोचायचा. व्यापाऱ्याच्या दारात आठ गठाणी उभ्या, आणि त्या कुणाच्या, कुठल्या ऑर्डरच्या, हे सांगणारा कागद अजून टपालात. मग काका काय करायचे? 'ट्रक जरा हळू चालव' असं ड्रायव्हरला सांगायचे नाहीत. गठाण कारखान्याबाहेर पडायच्या आत तिच्यावर काळ्या शाईनं स्वतःचा मार्का आणि ऑर्डर नंबर रंगवायचे, आणि तोच मार्का व्यापाऱ्याला आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवायचे. बिल्टीचा नंबर कधीही येवो, काही अडत नव्हतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. आयडी ॲस्टरिस्कनं द्यायची वाट बघू नका. तुम्ही द्या, आणि विनंती पाठवण्याच्या आधी वहीत लिहा.

एआरआय डिसेंबर २०१३ मध्ये ॲस्टरिस्कच्या १२व्या आवृत्तीबरोबर आलं. आज त्यात फोन लावताना चॅनेलआयडी तुम्ही ठरवून देऊ शकता, विनंतीच्या पाथमध्येच. लोकल चॅनेल (ॲस्टरिस्कच्या आतच बनणारा, दोन अर्ध्यांचा) वापरत असाल तर त्याच्या दुसऱ्या अर्ध्यासाठी अदरचॅनेलआयडी आहे, तोही द्या. नाहीतर अर्धा फोन ओळखीचा आणि अर्धा अनोळखी, असा नवा गोंधळ होतो. ब्रिजला, प्लेबॅकला (ध्वनिफीत वाजवणं) आणि स्नूप चॅनेललाही (चालू फोन ऐकणारा) स्वतःचा आयडी देता येतो. रेकॉर्डिंगला नाव तर तुम्हीच देता. नव्या माणसाला हे कागदपत्रांत दिसतं, पण 'ऐच्छिक' असं लिहिलेलं असतं म्हणून तो सोडून देतो. माझ्या मते हे ऐच्छिक नाही.

क्रम मात्र काटेकोर पाळा. आधी यूयूआयडी (दुसऱ्या कशाशी न जुळणारी ओळख) तयार करा. मग मॅपमध्ये नोंद करा: हा आयडी, हा रुग्ण, अवस्था 'मागितला'. त्या आयडीसाठी ऐकणारं फंक्शन जोडा. आणि मग विनंती पाठवा. या चार पायऱ्यांत पहिल्या तिघींच्या मध्ये एकही 'अवेट' (एखादं काम संपायची वाट बघणारी ओळ) नको. डेटाबेसात लिहायचं असेल तर ते सगळ्यात आधी तरी लिहा किंवा विनंतीनंतर बाजूला तरी लिहा. मॅपमधली नोंद त्याच्यावर अडकवू नका.

डेटाबेसाचं एवढं का बोलतोय, त्याला इतिहास आहे.

काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेसाठी मी हप्त्याची आठवण करून देणारा डायलर (आपोआप फोन लावणारा प्रोग्रॅम) लिहिला. पीआरआय लाइन होती, म्हणजे बोलण्यासाठी ३० वाहिन्या. माझ्या कोडात एक मोजणी होती: चालू फोन ३० झाले की नवा लावायचा नाही. सकाळी दहाला सगळं छान चालू व्हायचं. दुपारपर्यंत वेग मंदावायचा, आणि दोनच्या सुमारास ऑफिसातून फोन यायचा, "सर, डायलर पुन्हा झोपला की ओ." मोजणी म्हणायची ३० फोन चालू आहेत, आणि खोलीत फोनवर बोलणाऱ्या आठही मुली हेडसेट काढून चहा पीत बसलेल्या. रिस्टार्ट केला की चालू. शेवटी जेवणाच्या सुट्टीत रिस्टार्ट करायचा रिवाजच पडला, आणि मला लाज वाटण्याऐवजी हायसं वाटलं, हे कबूल करतो. लाइनवाल्याला दोनदा बोलावलं. तो बिचारा दोन्ही वेळा मोजमाप करून, सगळं ठीक आहे सांगून गेला.

सुगावा लागला तो जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेत. सिद्धेश्वर महाराजांच्या यात्रेचे दिवस, होम मैदानावर अख्खा जिल्हा लोटलेला. त्या आठवड्यात डायलर दोनला नाही, बाराच्या आतच झोपायला लागला. फोन तेवढेच, मुली त्याच, सर्व्हर तोच. बदललं एवढंच होतं की गर्दीमुळे मोबाइलचं नेटवर्क तुंबलेलं आणि बरेच फोन लागायच्या आतच परत येत होते. मग मी लगेच मरणारे फोन तेवढे लॉगमधून वेगळे काढले. एक नमुना असा होता:

११:०४:१७.३१२ विनंती पाठवली
११:०४:१७.३४० उत्तर २००, डेटाबेसात लिहायला घेतलं
११:०४:१८.१०५ चॅनेल नष्ट, कारण ३४, आयडी अनोळखी, दुर्लक्ष
११:०४:१८.९८७ डेटाबेस झाला, मॅपमध्ये नोंद: वाजतोय

२०० म्हणजे विनंती स्वीकारली, आणि कारण ३४ म्हणजे वाहिनी उपलब्ध नाही. वेळा नीट बघा. उत्तर इव्हेंटच्या आधीच आलेलं आहे, तब्बल पाऊण सेकंद आधी. तरीही मी हरलो, कारण उत्तर हातात पडल्यावर मी आधी डेटाबेसात लिहायला गेलो आणि मॅपमध्ये नोंद त्यानंतर केली. सकाळी अकराला व्यवस्थापकांचे रिपोर्ट चालायचे, तेव्हा एरवी चुटकीसरशी होणारं ते लिहिणं दीड-दोन सेकंदांवर जायचं. दर अशा फोनामागे माझ्या मोजणीत एक वाहिनी कायमची 'व्यस्त' व्हायची. तीस वेळा झालं की डायलर झोपला. यात लाइनचा, ॲस्टरिस्कचा, कुणाचाच दोष नव्हता. दोन ओळींचा क्रम मी उलटा लिहिला होता.

म्हणून कुणी 'आमचं उत्तर तर नेहमी आधीच येतं' असं म्हणालं, तर मी त्याचा कोड बघायला मागतो. पाकीट आधी पोचणं वेगळं आणि ते आधी फोडून वाचणं वेगळं.

हाच प्रकार एकाच सॉकेटवरही होतो, हे पुष्कळांना पटत नाही. ॲस्टरिस्कचं आज्ञा द्यायचं जुनं माध्यम एएमआय किंवा फ्रीस्विच या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरचं इव्हेंट सॉकेट घ्या. तिथे उत्तर आणि इव्हेंट एकाच जोडणीवरून, ठरल्या क्रमानं येतात. पण नोडमध्ये लायब्ररी काय करते? एकाच तुकड्यात उत्तर आणि पाठोपाठ इव्हेंट आला, तर ती आधी उत्तराचं प्रॉमिस ('अवेट' ज्याची वाट बघतं ते) पूर्ण करते आणि त्याच दमात इव्हेंटचं फंक्शन चालवते. 'अवेट'नंतरची तुमची ओळ मात्र हातातलं काम संपल्यावर, पुढच्या फेरीत चालते. तारेवर पहिलं असलेलं उत्तर तुमच्या कोडात दुसरं होतं. हा प्रकार पहिल्यांदा कळला तेव्हा मी अर्धा तास त्या ओळीकडे नुसता बघत बसलो होतो.

स्वतःचा आयडी देण्याचा आणखी एक फायदा आहे, आणि माझ्या मते तो पहिल्यापेक्षा मोठा आहे. विनंती पाठवली आणि उत्तरच आलं नाही, टाइमआउट झाला, तर काय समजायचं? फोन लागला की नाही? आयडी तुमचा नसेल तर तुमच्या हातात काहीच नाही. पुन्हा विनंती पाठवली तर रुग्णाला दोन फोन जाण्याची भीती, नाही पाठवली तर एकही न जाण्याची. आयडी तुमचा असेल तर त्याच आयडीनं विचारता येतं, त्याच आयडीनं फोन कापता येतो, आणि त्याच आयडीनं पुन्हा विनंती केली तर तो चॅनेल जिवंत असताना ॲस्टरिस्क ४०९ (हा आयडी आधीच वापरात आहे) देऊन नाकारतं. यात एक चोरवाट आहे. पहिला फोन या दरम्यान लागून, बोलून, संपला असेल तर तो आयडी मोकळा झालेला असतो आणि दुसरा फोन बिनधास्त जातो. म्हणून पुन्हा विनंती करण्याआधी आपल्या वहीत 'या आयडीचा शेवटचा इव्हेंट आला होता का' हे बघायचंच. आणि टाइमआउट झाला म्हणून मॅपमधली नोंद लगेच पुसायची नाही. तिला 'माहीत नाही' अशी अवस्था द्या. प्रोग्रॅम लिहिताना आपल्याला 'झालं' आणि 'नाही झालं' एवढंच सुचतं. टेलिफोनीत तिसरी अवस्था रोजची आहे.

दुसऱ्या प्रणालींबद्दल झटपट सांगतो. एएमआयवर प्रत्येक ॲक्शनला ॲक्शनआयडी द्या आणि ओरिजिनेटला चॅनेलआयडी. तिथे असिंक ओरिजिनेटचं उत्तर म्हणजे फक्त 'रांगेत घेतलं' एवढी पोच असते. फोनाचं काय झालं ते ओरिजिनेटरिस्पॉन्स या इव्हेंटमध्ये नंतर येतं. फ्रीस्विचवर ओरिजिनेशन यूयूआयडी हे व्हेरिएबल आहे, आणि बीजीएपीआय (मागे चालणारी आज्ञा) वापरलं तर जॉब-यूयूआयडीही तुम्ही पुरवू शकता. ट्विलिओसारख्या इंटरनेटवरून फोन लावून देणाऱ्या सेवेत आयडी त्यांचाच असतो, तो तुम्ही ठरवू शकत नाही. तिथे स्टेटस कॉलबॅकच्या (फोनाचं काय झालं ते कळवायला त्यांनी तुमच्याकडे पाठवलेली विनंती) यूआरएलमध्ये आपली खूण घालून द्यायची, म्हणजे कॉलबॅक उत्तराच्या आधी आला तरी तो कुणाचा हे यूआरएलच सांगतं. त्यांचे कॉलबॅक पाठवले त्याच क्रमानं पोचतील याची हमी नाही, हे ते स्वतःच सांगतात. म्हणून सोबत सीक्वेन्सनंबर असतो, तो वापरा.

तुम्ही स्टॅसिसस्टार्टच्या आर्ग्युमेंटमध्ये (इव्हेंटसोबत येणारी माहिती) रुग्णाचा क्रमांक पाठवायचा विचार केला होता, असंही लिहिलंय. चांगला आहे, ठेवा. येणारा फोन कोणता आणि आपण लावलेला कोणता, हे त्यानं एका नजरेत कळतं. पण ती आर्ग्युमेंट फक्त स्टॅसिसस्टार्टमध्ये येतात. जो फोन उचललाच गेला नाही त्याला तुमच्या रचनेत स्टॅसिसस्टार्ट नसतोच, आणि माझ्या तीस वाहिन्या अशाच फोनांनी खाल्ल्या होत्या. त्यामुळे आयडीच्या जागी आर्ग्युमेंट चालणार नाही.

काही ठिकाणी नाव देणं खरंच हातात नसतं. बाहेरून येणारे फोन, दुसऱ्यानं ट्रान्सफर केलेले चॅनेल, किंवा आयडी स्वीकारतच नाही अशी एखादी जुनी प्रणाली. तिथे मी फडताळ ठेवतो. अनोळखी आयडीचा इव्हेंट आला की तो फेकायचा नाही आणि फोनही कापायचा नाही. आलेल्या क्रमानं फडताळात ठेवायचा. उत्तर येऊन आयडीची ओळख पटली की साठलेले इव्हेंट त्याच क्रमानं चालवायचे. कुणाचीच ओळख न पटता ठरावीक वेळ गेला, समजा १० सेकंद, की लॉगमध्ये ओरडून लिहायचं आणि टाकून द्यायचं. तुमचे १०० मिलीसेकंद आणि हे १० सेकंद यांत फरक आहे. तुमच्याकडे प्रत्येक इव्हेंट थांबतो, इथे फक्त अनोळखी थांबतो, आणि ओळख पटली की त्याच क्षणी सुटतो.

आता उशिरा आलेल्या उत्तराचं काय करायचं? उत्तरात चॅनेलचं चित्र असतं, अवस्था वगैरे सगळं. ते चित्र उत्तर बांधलं तेव्हाचं आहे. तुमच्याकडे 'उचलला' असा इव्हेंट येऊन गेलेला असताना उत्तर म्हणतं 'डाउन'. सरळ मॅपमध्ये उतरवलंत तर फोन मागे गेला. मी उत्तरातली अवस्था वाचतच नाही. उत्तराकडून मला एकच गोष्ट हवी असते: विनंती स्वीकारली की नाकारली. बाकी सगळं इव्हेंटकडून. आणि अवस्था फक्त पुढे सरकते: मागितला, वाजतोय, उचलला, संपला. 'संपला' लागला की त्या आयडीवर पुन्हा काहीही लिहायचं नाही. होल्डसारख्या मागेपुढे होणाऱ्या गोष्टी या रांगेत घालू नका, त्यांचं खातं वेगळं ठेवा. नाहीतर एकदा होल्डवर गेलेला माणूस कधीच परत येत नाही.

प्लेबॅकची एक गंमत सांगतो, कारण तुम्हाला ती नक्की भेटणार आहे. सोलापुरात आयव्हीआर (बटणं दाबून चालणारी फोनसेवा) म्हटला की तीन भाषा आल्याच. मराठीसाठी १, कन्नडसाठी २, तेलुगूसाठी ३. एका दवाखान्यासाठी केलेल्या अशा आयव्हीआरमध्ये मी ध्वनिफीत वाजवायची विनंती करायचो, उत्तरातून प्लेबॅक आयडी घ्यायचो आणि मग 'वाजून संपलं' या इव्हेंटची वाट बघायचो. मराठी आणि कन्नड फिती आठ-दहा सेकंदांच्या, त्यामुळे सगळं सुरळीत. तेलुगूची फीत सर्व्हरवर चढवायचीच राहिली होती. नसलेली फीत वाजायला वेळ लागत नाही. संपल्याचा इव्हेंट तत्काळ आला, मी ऐकायला उभा राहायच्या आत निघून गेला. रुग्ण ३ दाबायचा आणि पलीकडे नुसती शांतता, फोन चालू, काहीच होत नाही. ऑफिसात चाचणी करणारे आम्ही सगळे १ दाबणारे. पूर्व भागातल्या एका आजींच्या नातवानं येऊन सांगितलं, तेव्हा कळलं. फीत चढवली आणि तक्रार थांबली, पण मूळ चूक क्रमाचीच होती. प्लेबॅक आयडी स्वतः द्या, ऐकणारा आधी उभा करा, मग वाजवा.

कोड थोडा मोठा झाला की एक गोष्ट करा, तिचा पश्चात्ताप होणार नाही. प्रत्येक फोनाला स्वतःची एक रांग द्या. त्या फोनाचे इव्हेंट, त्याच्या विनंत्यांची उत्तरं, त्याचे टायमर, सगळं त्या एकाच रांगेत पडतं आणि एकामागून एक हाताळलं जातं. रांग फोनागणिक हवी, सगळ्यांची मिळून एक नको, नाहीतर एका फोनाचा डेटाबेस अडला की अख्खं रुग्णालय अडतं. कुलूप लावून हेच साधायचा मोह होतो. विनंती जाऊन उत्तर येईपर्यंत कुलूप धरून बसलात, आणि उत्तर वाचणारा धागाच इव्हेंट हाताळताना त्या कुलपासाठी थांबला, तर दोघंही जन्मभर एकमेकांची वाट बघत बसतात. एएमआयच्या इव्हेंट फंक्शनच्या आतून दुसरी ॲक्शन पाठवून तिथेच उत्तराची वाट बघणं, हाही त्याचाच सख्खा भाऊ.

४०० किंवा ४०४ ला घाबरू नका. तुम्ही ब्रिजमध्ये टाकायची विनंती पाठवता त्याच क्षणी रुग्ण फोन ठेवतो, आणि उत्तर येतं ४००, 'असा चॅनेल नाही'. ही चूक नाही, बातमी आहे. फोन कापायच्या विनंतीला ४०४ आला तर ते यशच समजा. 'आधी विचारू, चॅनेल आहे का, आणि मग विनंती करू' हा उपाय बरेच जण सुचवतात. त्याचा उपयोग शून्य, कारण विचारणं आणि करणं यांच्या मधल्या वेळात तो माणूस फोन ठेवू शकतोच. करा, आणि नाही जमलं तर शेवटच्या इव्हेंटची वाट बघा.

हे आपल्यालाच भोगावं लागतं असं नाही. खाली सिप प्रोटोकॉलमध्येही, म्हणजे फोन लावण्या-तोडण्याच्या नियमांतही, हेच आहे, आणि तिथल्या लोकांनी कसं सोडवलंय ते बघण्यासारखं आहे. जून २००२ च्या आरएफसी ३२६१ या सिपच्या नियमपत्रकात कॉल-आयडी कोण तयार करतं? फोन लावणारा. पलीकडच्याकडून नंबर यायची वाट तो बघत नाही, मार्का त्याचाच. तुम्ही कॅन्सल (फोन रद्द करा) पाठवलं आणि त्याच वेळी पलीकडून २०० ओके (फोन उचलला) निघालं, दोघं वाटेत एकमेकांना ओलांडून गेले, तर काय? फोन लागला असं मानायचं, ॲक (पोच) पाठवायचा आणि मग बाय पाठवून तो संपवायचा. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी री-इन्व्हाइट (चालू फोनात बदल मागणं) पाठवलं तर ४९१ (आधीची विनंती अजून बाकी आहे) देऊन दोघांनी माघार घ्यायची. पण दोघं सारखाच वेळ थांबले तर पुन्हा धडकतील. म्हणून ज्यानं कॉल-आयडी तयार केला त्यानं २.१ ते ४ सेकंदांतला कुठलाही वेळ थांबायचं आणि दुसऱ्यानं ० ते २ सेकंद. अशा ओलांडाओलांडीचीच उदाहरणं देणारी एक वेगळी आरएफसी आहे, ५४०७, डिसेंबर २००८ ची. एक रविवार काढून तिच्या आकृत्या बघा. थांबणं तिथेही आहे, पण ते धडक झाल्यावर. धडक होऊ नये म्हणून आधीच थांबणं कुठेच नाही.

वेबसॉकेट तुटून पुन्हा जोडला जातो, तेव्हाही हीच शर्यत नव्या वेषात येते. तुटलेल्या काळातले इव्हेंट गेले ते गेले. म्हणून जोडणी परत आली की ॲस्टरिस्ककडून चालू चॅनेलांची यादी मागून आपली वही ताळ्यावर आणायची. इथेही क्रम महत्त्वाचा: आधी वेबसॉकेट जोडा आणि येणारे इव्हेंट बाजूला साठवा, मग यादी मागा, यादी लावा, आणि त्यानंतर साठवलेले इव्हेंट चालवा. यादी आधी मागितली तर यादी आणि जोडणी यांच्या फटीत एखादा फोन पडतोच. ताळा करताना 'मागितला' अवस्थेतल्या ताज्या नोंदी, समजा ३० सेकंदांच्या आतल्या, पुसू नका. त्यांचा चॅनेल कदाचित तयारच होत असेल.

चाचणीबद्दल एकच सांगतो. शर्यत योगायोगानं घडायची वाट बघू नका, मुद्दाम घडवा. तुमच्या प्रोग्रॅमच्या आणि एआरआयच्या मध्ये एक छोटा प्रॉक्सी बसवा, जो एचटीटीपीचं प्रत्येक उत्तर ३ सेकंद अडवून ठेवतो आणि वेबसॉकेटला हातही लावत नाही. त्यावर तीन फोन करा: एक ऑटो-आन्सरवाला, एक अस्तित्वात नसलेल्या नंबरचा, आणि एक असा की जो तुम्ही वाजता वाजता ठेवता. मग प्रॉक्सीला उत्तर गिळायलाच सांगा आणि तेच तीन फोन पुन्हा करा. माझा जुना डायलर यातल्या पहिल्याच फोनाला आडवा झाला असता.

तुमच्या कोडातले ते १०० मिलीसेकंद आजच काढू नका. रुग्णालय चालू आहे, रुग्णांवर प्रयोग नको. आधी आयडी देणं सुरू करा. 'अनोळखी चॅनेल'च्या फांदीत फोन कापायची ओळ काढून तिथे फक्त लॉग ठेवा, आयडी आणि मिलीसेकंदांसकट वेळ. हेडसेटचे फोन त्या लॉगमध्ये यायचे थांबले की एखाद्या रविवारी, ओपीडी बंद असताना, थांबण्याची ओळ पुसा. आणि लॉगमध्ये तरीही काही येत राहिलं, तर लोकल चॅनेलचा दुसरा अर्धा भाग आधी तपासा. बहुतेक वेळा अदरचॅनेलआयडी द्यायचा राहिलेला असतो.